माळ्यावरची सुंदराबाई

"पाहुणे!" असं अण्णा ओरडला की गाळ्यातल्या सहा बायका उठायच्या. हातातली कानस खाली, डबा काखेत, चपला हातात, आणि शिडीवरून सरळ माळ्यावर. शेवटची बाई वर पोचली की अण्णा शिडी काढून मागच्या बोळात नेऊन ठेवायचा. खालची नऊ माणसं लगेच पांगून रिकाम्या पाटांवर बसायची, आणि इन्स्पेक्टर दारात येईपर्यंत गाळा असा दिसायचा की इथं नवाच्या वर माणूस कधी बसलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं लपायला त्या बायकांनी काय चोरी केली होती? काही नाही हो. कामाला होत्या, एवढाच गुन्हा. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं कामाला लागली की कायदा लागू होतो. मग कामगारांचा विमा आला, भरपगारी रजा आली, धूळ ओढून घेणारा पंखा आला, बायकांसाठी वेगळी मोरी आली. नवापर्यंत यातलं काही नाही. म्हणून शिवदास सामंतांच्या गाळ्यात खाली नऊ पुरुष आणि बाकीच्या बाया हिशेबाबाहेर. घाटकोपरला आग्रा रोडच्या आतल्या अंगाला कारखान्यांच्या गाळ्यांची ती इस्टेट होती. तिथल्या बहुतेक गाळ्यांना असा एकेक माळा होता, आणि प्रत्येक माळ्यावर काय ठेवलेलं असतं हे फाटकावरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. तोच तर आधी निरोप धाडायचा.

नंदा त्या गाळ्यात लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहुणे आले. ती बावचळून उभीच राहिली. तेवढ्यात एका हडकुळ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तिला शिडीवर असं खेचलं, की खांदा निखळतो का काय असं तिला वाटलं. वर अंधार, बेकलाईटच्या पावडरीची पोती आणि पुढं गोणपाटाचा पडदा. नंदाला धुळीनं ठसका येणार, एवढ्यात तोच हात तिच्या तोंडावर आला. घट्ट. कानात आवाज आला, "गप रव गो. पदर तोंडात घाल. जीभ दाताखाली दाब आणि थुंकी गीळ. खोकलो परत जाता."

ही सुंदराबाई.

मूळची कुडाळकडची. नवरा गिरणीत होता. तो वारला तेव्हा पदरात एक मुलगी, शुभा, आणि भटवाडीत दहा बाय दहाची खोली. शिवदास सामंत तिच्याच गावचे, वाडीसुद्धा शेजारची. तेराव्याला ते आले आणि म्हणाले, "सुंदरा, उद्यापासून गाळ्यात ये. मी आहे." सुंदराबाई गेली. त्या एका वाक्यावर ती बारा वर्षं त्या पाटावर बसली. माणसं शब्दाला जागतात म्हणतात ना, ती अशी. ज्यांच्याशी शब्द झाला ते जागतात की नाही, ते पुढं बघू.

काम सांगायला सोपं होतं. साच्यातून बेकलाईटचा, म्हणजे काळ्या कडक प्लास्टिकचा, स्विच निघतो तेव्हा त्याच्या कडेला जादा मालाचं पातळ पातं राहतं. ते कानशीनं घासून काढायचं. काळी पूड उडते, नाकात जाते, केसांत बसते. संध्याकाळी बायका नळावर तोंड धुवायच्या तेव्हा मोरीतून शाईसारखं पाणी वाहायचं. सुंदराबाईचा हात एवढा साफ, की तिच्या स्विचवरून बोट फिरवलं तर कड कुठं सुरू झाली ते कळायचं नाही. पण तिला स्वतःला अभिमान होता तो लपण्याचा! अगदी खरं सांगतोय. नव्या बाईला शिडी कशी चढायची, चपला का विसरायच्या नाहीत, खोकला कसा गिळायचा, हे सगळं तीच शिकवायची. एकदा त्यांच्यातल्या प्रेमाची एक चप्पल खाली राहिली होती. साहेब दारात, आणि मधोमध लाल पट्ट्याची बायकी चप्पल. सुंदराबाईनं पडद्याच्या फटीतून ते बघितलं आणि वरून एक रिकामं पोतं असं अलगद सोडलं, की ते नेमकं चपलेवर. साहेबांनी वर बघितलं, अण्णा म्हणाला, "उंदीर आहेत साहेब, फार माजलेत." त्या दिवशी शेठनी सगळ्यांना बटाटेवडे आणले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सुंदरा आहे म्हणून गाळा आहे." सुंदराबाई पदरात तोंड लपवून लाजली. नंदा तेव्हा हसली होती. ते हसणं नंतर तिला फार टोचायचं.

अण्णा म्हणजे गाळ्याचा सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता. त्याला बहीण नव्हती, म्हणून दर भाऊबीजेला तो सुंदराबाईकडं ओवाळून घ्यायला जायचा आणि ताटात साडी टाकायचा. ती साडी नेसून सुंदराबाई कामावर यायची आणि दिवसभर सांगत बसायची, "माझ्या भावान दिली."

मग तिचा खोकला वाढला.

आधी थंडीचा म्हणून सोडून दिला. मग उन्हाळ्यातही जाईना. शिडी चढली की छातीत भाता चालायचा. थुंकीतून काळं पडायचं, आणि एक दिवस काळ्यात लाल दिसलं. नंदानं ते बघितलं.

नंदाचा नवरा धोंडिराम मुलुंडच्या एका मोठ्या कारखान्यात होता. त्यांचं बिऱ्हाड गोवंडीला, देवनारच्या अंगाला. दोघं मूळची साताऱ्याकडची, आणि धोंडिराम युनियनच्या सभांना जाऊन जाऊन कायदा बोलायला शिकला होता. त्याच्याकडं विम्याचं कार्ड होतं. त्या कार्डावर दवाखाना, औषध, छातीचा फोटो, सगळं फुकट, आणि आजारपणाची रजा घेतली तर घरी बसूनही पैसे. नंदाची सासू त्याच कार्डावर बरी होऊन आली होती.

"बाई, तुमचं नाव लागलं पाहिजे," नंदा म्हणाली. "नाव लागलं की कार्ड. कार्ड आलं की मोठा दवाखाना. नाहीतर काही खरं नाही तुमचं."

"माका काय झाला?" सुंदराबाई म्हणाली. "पण तू म्हणतस तर भाऊंका विचारतय."

विचारायला ती नंदाला घेऊन गेली. शिवदासशेठ त्यांच्या लाकडी केबिनमध्ये बसले होते. सुंदराबाई बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "भाऊ, माझा नाव घाला."

शेठनी चष्मा काढला. खरोखर दुःखी झाले ते, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "सुंदरा, तुझं एकटीचं नाव घालता आलं असतं तर मी कधीच घातलं असतं. पण तू दहावी होतेस. तू आलीस की कायदा आत आला. मग एकेका पोरीचं नाव, पंखा, मोरी, सगळं आलं. माल घेणारी मोठी कंपनी मला स्विचमागं काय देते तुला ठाऊक आहे? गाळ्याला कुलूप लागेल. मग तू कुठं जाशील, आणि ह्या पोरी कुठं जातील? औषधाला लागतील ते पैसे माझ्याकडून ने. मी कधी नाही म्हटलं का?"

"नाही," सुंदराबाई म्हणाली.

"मग परक्यासारखं बोलू नको. आपण एका गावची माणसं."

झालं! गावचं नाव निघालं आणि सुंदराबाईची मान खाली गेली. बाहेर आल्यावर नंदा तिच्यावर एवढी चिडली, की दुपारी दोघी एका डब्यात जेवल्या नाहीत. "औषधाचे पैसे द्यायला तयार आहेत, नाव द्यायला नाहीत. तुमच्या डोक्यात काही शिरतंय का बाई?" सुंदराबाई कानस उचलून पुन्हा घासायला लागली. पण त्या रात्री शुभानं बहुतेक तिच्या उशीवर रक्त बघितलं असावं, कारण सकाळी सुंदराबाई नंदाला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुझ्या घोवाक सांग. लिही म्हणावं. सही मी करतंय."

धोंडिरामनं कारखान्यांच्या इन्स्पेक्टरच्या नावानं अर्ज लिहिला. सुंदराबाईनं खाली सही केली, एकेक अक्षर जोडत. सही करताना ती मधेमधे एवढी थांबत होती, की धोंडिराम म्हणाला, "काकू, तुम्ही कुणाचं वाईट करत नाही. तुम्ही आहात एवढंच सांगताय." मग त्यानं तिला नीट समजावलं. साहेब येतील. नाव घेऊन विचारतील. तुम्ही फक्त जागेवरून उठायचं नाही. बसून राहायचं आपल्या पाटावर, हातात कानस घेऊन. बस्स. बाकी कायदा बघून घेईल.

पुढचे कितीतरी दिवस नंदा तेच घोकून घेत होती. "काय करायचं बाई?" "बसून रवायचा." "अण्णा ओरडला तर?" "ओरडूदे. बसून रवायचा." सुंदराबाई हसायचीसुद्धा. एकदा तर म्हणाली, "गो, एवढी वर्षां धावलंय, आता बसाक सांगतास!" तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी नवं दिसायचं. शुभाच्या लग्नाचं बोलायची. बरी झाले की करीन म्हणायची.

आणि एका मंगळवारी, जेवणं आटोपून सगळ्या नुकत्या पाटावर बसल्या होत्या, तोच अण्णा ओरडला, "पाहुणे!"

नंदानं मान वर केली. ती सुंदराबाईकडं बघणार, तर पाट रिकामा.

सुंदराबाई शिडीवर होती. सगळ्यांच्या आधी. डबा काखेत, चपला हातात, पदर खोचलेला. बारा वर्षांचे पाय ते, "पाहुणे" ऐकल्यावर त्यांना कुठला अर्ज आणि कुठला कायदा! डोक्याला कळायच्या आत ते निघाले होते. "बाई!" नंदा धावली. शिडीच्या दोन पायऱ्या चढून तिनं तिचा पाय धरायला हात पुढं केला, तर सुंदराबाईनं वरून तोच हात धरला आणि नेहमीसारखा खेचला. "ये गो, लवकर ये!" मागून प्रेमा, प्रेमाच्या मागून बाकीच्या, खालून अण्णाचं "चला चला". आणि नंदा वर. शिडी सरकल्याचा आवाज आला. गोणपाटाचा पडदा पडला.

अंधारात पोत्यांना टेकून सुंदराबाईनं दम घेतला. मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. नंदाला ते त्या काळोखातही दिसले.

"अगो बाय," ती कुजबुजली. "आज तर ते माझ्यासाठी इले."

खाली बुटांचा आवाज आला. साहेब शांत बोलणारे होते. त्यांनी माणसं मोजली, साचे बघितले. मग म्हणाले, "इथं सुंदराबाई म्हणून कोण काम करतात?"

माळ्यावर सहा बायका श्वास धरून बसल्या. आणि तेवढ्यात सुंदराबाईला खोकला आला. खांदे हलायला लागले, छाती वर-खाली व्हायला लागली. नंदानं तिच्या कानाशी तोंड नेलं. "खोका बाई. देवाशपथ खोका. एकदाच."

एक खोकला, एवढंच हवं होतं. साहेबांनी वर बघितलं असतं, पडदा बाजूला केला असता, नाव लागलं असतं. सुंदराबाईनं नंदाकडं बघितलं. मग प्रेमाकडं. प्रेमाला अंगावरचं पोर होतं, नवरा बसून होता. तिनं दोन्ही हात जोडले होते आणि मान नकारार्थी हलवत होती, आवाज न करता रडत होती. सुंदराबाईनं पदर तोंडात कोंबला. जीभ दाताखाली दाबली. गिळलं.

नंदा ओरडणारच होती. तिनं तोंड उघडलंही होतं. तर तो हडकुळा हात पहिल्या दिवसासारखाच तिच्या तोंडावर येऊन बसला. आता तो हात काढणं काय अवघड होतं? आजारी बाईचा हात, पानासारखा हलका. नंदाला तो काढता आला असता. तिनं काढला नाही. तिच्याही घरी चूल होती, आणि मेलं ते भय अगदी वेळेवर आलं.

खालून अण्णाचा आवाज आला. स्वच्छ, न अडखळता. "सुंदराबाई? नाही साहेब. या नावाचं कोणी इथं कधी नव्हतंच."

कधी. नुसतं नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. माळ्यावरचा हात नंदाच्या तोंडावरून गळून पडला. सुंदराबाई रडली नाही. गोणपाटाकडं बघत बसली, जणू त्याच्यावर काहीतरी लिहिलंय आणि तिला ते जुळवून वाचायचंय.

साहेब गेले. शिडी लागली. सगळ्या उतरल्या, सुंदराबाई शेवटी. अण्णानं तिला हात दिला, पण तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. ती आपल्या पाटावर जाऊन बसली आणि कानस उचलली. संध्याकाळपर्यंत स्विच घासले. एकही वाया गेला नाही.

अर्जाचं शेठना कळलंच. ते ओरडले नाहीत. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "सुंदरा, तू असं करशील असं वाटलं नव्हतं. जा, थोडे दिवस घरी आराम कर. बरी झालीस की बोलावतो." ती गेली. बोलावणं आलं नाही. नंदाला काढलं नाही. अर्जाचं अक्षर कुणाचं हे त्यांना कधी कळलं नाही. आणि नंदानंही सांगितलं नाही.

धोंडिराम पुन्हा अर्ज लिहायला बसला होता. सुंदराबाईच म्हणाली, "नको रे झिला. आता कोण बघाक येतलो? मी हय कधी नव्हतंयच."

शेवटी नंदानं एक खाडा केला आणि तिला पालिकेच्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाईची नव्हती. तिनं छातीला नळी लावली आणि म्हणाली, "आजी, जरा खोकून दाखवा." सुंदराबाईचा पदर आपोआप तोंडात गेला. डॉक्टरीणबाईनं तो हळूच बाजूला केला. "अहो, तोंड का झाकताय? मोठ्यानं खोका. इथं कोण ऐकतंय?" सुंदराबाईनं दारापर्यंत बघून घेतलं. मग खोकली. नंदानं तिचा खोकला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पुरता ऐकला, आणि तिला तिथून पळून जावंसं वाटलं. रुमालावर काळं पडलं. लालही पडलं.

"कसल्या धुळीत काम करता तुम्ही? कुठल्या कारखान्यात? मला नीट सांगा, औषध त्यावर ठरतं."

नंदा तिच्याकडं बघत राहिली. आता तरी.

"कुठं नाय," सुंदराबाई म्हणाली. "घराकच असतंय."

"खोटं बोलतायत त्या!" नंदा किंचाळली. "बारा वर्षं बेकलाईट घासलंय त्यांनी. मी बाजूला बसते!" सगळं सांगितलं तिनं, माळा, शिडी, पोती, रडत रडत, बाहेरच्या पेशंटांची सारी ओळ वळून बघायला लागेपर्यंत. डॉक्टरीणबाईनं ऐकून घेतलं, लिहून घेतलं. मग हळूच म्हणाली, "फार आधी यायला हवं होतं." सुंदराबाई मात्र नंदाचा हात दाबत होती. गप रव गो, गप रव.

गणपतीच्या आधी ती गेली.

बाराव्याला भटवाडीतल्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा खर्च शिवदासशेठनी केला होता. शुभाच्या लग्नाचंही मी बघेन म्हणाले होते. ते भिंतीला टेकून बसले होते, शेजारी अण्णा. गावची माणसं आली होती, चाळीतली आली होती. नंदा दाराशी उभी होती. गाळ्यात पुन्हा एकदा पाहुणे येऊन गेले होते. तेव्हाही ती माळ्यावर चढली होती, आणि वर गेल्यावर पोत्यांपाशी सुंदराबाईची जागा सगळ्यांनी मोकळी सोडलेली तिनं बघितली होती.

कुणीतरी म्हातारा गावकरी विचारत होता, ही मुंबईत काय करायची म्हणून. शिवदासशेठनी डोळे पुसले.

"माझ्याकडं होती ना," ते म्हणाले. आवाज साऱ्या खोलीला ऐकू जाईल एवढा मोठा होता. "बारा वर्षं माझ्या गाळ्यात कामाला होती सुंदरा. एक दिवस खाडा नाही. अशी बाई पुन्हा होणे नाही. विचारा अण्णाला."

अण्णानं मान हलवली. त्याचेही डोळे भरले होते. "सख्खी बहीण गेली माझी," तो म्हणाला.

उद्या आपला पाट राहील की नाही, हे तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं. ती दारातून दोन पावलं आत आली.

"कोण सुंदराबाई, अण्णा?" ती म्हणाली. "या नावाचं कोणी तिथं कधी नव्हतंच ना?"

अण्णानं हातातली चहाची बशी खाली ठेवली. शिवदासशेठनी नंदाकडं बघितलं, आणि मग नजर खाली घालून बसून राहिले. म्हातारा गावकरी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता, त्याला काही उमजेना.

चुलीपाशी बसलेली शुभा उठली. तिनं नंदाला हाताला धरून चुलीपाशी नेलं, घरातल्या आईच्या पाटावर बसवलं, आणि तिच्यासमोर चहाचा कप ठेवला.